डब्यातला अनोळखी माणूस

आजचं वचन: कलस्सै ४:५-६

१८९३ साली नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी अदबीने, मोकळेपणाने बोलला, कवितेवर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मंडळीत आपण त्यांची गीतं गातो. 

मित्रांनो, पुस्तक उघडण्याआधी टिळकांनी काय वाचलं? त्या माणसाचं वागणं! तो तुसडेपणाने बोलला असता, तर तेच पुस्तक कदाचित तसंच पडून राहिलं असतं. पौलही करिंथकरांना ख्रिस्ताचं पत्र म्हणतो ते याचसाठी.

आपल्यालाही लोक रोज वाचतात. लोकलमध्ये सरकून चौथी सीट देताना, डिलिव्हरीवाल्याला उशीर झाल्यावर, ऑफिसच्या ग्रुपवर कुणाची टिंगल चालू असताना. स्टेटसला वचन आणि तोंडात शिवी असेल, तर लोकांच्या लक्षात शिवीच राहते.

फळ लगेच दिसेलच असं नाही. पेरणं आपलं, वाढवणं देवाचं.

प्रार्थना: प्रभू येशू, आज माझ्या बोलण्यामुळे कुणी तुझ्यापासून दूर जाऊ नये. माझ्या जिभेवर तुझी सत्ता असू दे. आमेन.