किती सांगू?

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन हैदराबादच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये गेले होते. आई सोलापूरची, वय ७१. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं, म्हणून पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली होती. सहा ते आठ तास काही खायचं नाही, अशी सूचना होती. उपाशी का, असं आईनं विचारलं. मी सांगितलं की जेवलं की पित्ताशय आकसतं, रिकाम्या पोटी ते भरलेलं असतं आणि नीट दिसतं. "म्हणजे एकादशीच की," ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसलो. समोर इंग्रजी आणि तेलुगूत पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. ही पाटी देशभर आपापल्या भाषेत लागते. असा कायदा पहिल्यांदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, देशासाठी तो १९९४ साली झाला. गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही प्रकारे कळवायचं नाही, असं तो म्हणतो. अनुवादक म्हणून मला ही कलमाची भाषा नेहमी थक्क करते. माणूस शब्दांशिवायही किती प्रकारे सांगू शकतो, हे त्या मसुदा लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. कायदा असूनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. सांगणारे सांगतच राहिले असणार.

आत अंधारी खोली, एसीचा गारठा. पोटावर थंडगार जेल. हवेचा पातळ थर जरी मध्ये राहिला तरी ध्वनी त्वचेवरूनच परत फिरतो, म्हणून ते जेल. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत ती साधारण २० ते ५० लाख असतात. प्रोब ध्वनी पाठवतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून यंत्र अंतर काढतं आणि त्या अंतरांचं चित्र बनवतं. म्हणजे पडद्यावर दिसतो तो फोटो नव्हे, ते प्रतिध्वनींचं भाषांतर असतं. द्रव काळा दिसतो. खडा पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनी त्याच्या पलीकडे जातच नाही.

"अम्मा, लंबी साँस लीजिए, रोकिए, छोड़िए," डॉक्टर म्हणत होते. मी उगाच मराठीत पुन्हा सांगत होते, "मोठा श्वास घे, धर, सोड." कोपऱ्यात टायपिस्ट बसली होती, तिला ते इंग्रजीत मजकूर सांगत होते. मध्येच प्रोब एका जागी थांबला. बाजूला उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरला ते तेलुगूत हळूच काहीतरी म्हणाले. पडद्यावर दोन फुल्या उमटल्या, त्यांच्यामध्ये तुटक रेघ. मग पुन्हा श्वास घ्या, सोडा.

आम्हाला ते काही बोलले नाहीत. "रिपोर्ट आधे घंटे में," एवढंच.

रिपोर्ट मी रिक्षात वाचला. पित्ताशयात ९ मिलिमीटरचा खडा. त्याखाली यकृताच्या उजव्या भागात १४ मिलिमीटरची एक गाठ. बहुधा रक्तवाहिन्यांची, निरुपद्रवी. खात्रीसाठी सीटी स्कॅन करावा.

"काय लिहिलंय गं?"

"खडा आहे. छोटा आहे."

मी वीस वर्षं अनुवाद करते आहे. मूळ वाक्य गाळणाऱ्या अनुवादकांवर मी कार्यशाळांमध्ये कडक बोलले आहे. आणि त्या दिवशी माझ्या सगळ्यात जवळच्या वाचकासाठी मी दोन ओळींतली एक ओळ गाळली. पुढचे नऊ दिवस ती गाळलेली ओळ सांभाळण्यात गेले. सीटी कशासाठी, तर खड्यासाठी. भावाशी फोनवर बोलायचं ते गच्चीवर जाऊन. एका गाळलेल्या ओळीचं खोटं व्हायला मला एक दिवससुद्धा लागला नाही.

मनाशी समर्थन तयार होतं: तिचं बीपी, तिची झोप, आणि गाठ तर बहुधा साधीच आहे. शिवाय त्या पाटीची आठवण. न सांगण्यात कधी कधी शहाणपण असतं, हे तर आपण कायद्यानं मान्य केलेलं आहे.

सीटीच्या दिवशी शिरेतून औषध देण्याआधी संमतीचा कागद आला. आईनं चष्मा लावला, पेन हातात घेतलं आणि सही न करता माझ्याकडे पाहून म्हणाली, "गड्ड म्हणजे गाठ. एवढं तेलुगू मला येतं."

मी हे विसरलेच होते. लग्नानंतरची अकरा वर्षं आई सोलापूरच्या पूर्व भागात राहिली. आजूबाजूला सगळी पद्मशाली मागवाल्यांची घरं होती. लक्काच्या दारात बसून ती शेवया करायला शिकली आणि तेलुगूही. डॉक्टरांनी सहकाऱ्याला म्हटलेलं "चिन्न गड्ड" तिला कळलं होतं. तिथे एकटी मीच अनुवादक आहे असं मला वाटत होतं.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." मग जरा वेळानं म्हणाली, "तुझ्या बाबांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडे टक लावून बघायचे. मी उठून चहा ठेवायला जायची. या नऊ दिवसांत तूही फार चहा केलास."

तिनं सही केली.

तेव्हापासून मी या दोन मौनांचा विचार करते आहे. पाटीवरचं मौन बरोबर आणि माझं चूक, हे मला आतून पटलं होतं. पण का, ते सांगता येत नव्हतं. आता वाटतं, ती माहिती कुणाविषयी आहे आणि ऐकणारा तिचं काय करू शकतो, हे दोन प्रश्न विचारले की फरक दिसतो. गर्भाविषयीची ती एक गोष्ट ऐकणारे दुसरेच असतात, आणि जिच्याविषयी ती आहे तिला बोलता येत नाही. तिथलं मौन तिच्या बाजूनं उभं असतं. आईच्या पोटातली गाठ आईची होती. ती लपवून मी तिच्या बाजूनं उभी राहिले नाही, तिच्या जागी उभी राहिले.

डॉक्टरांचं मौन तिसऱ्या प्रकारचं होतं, आणि त्याबद्दल मला आधी राग होता, आता नाही. राखाडी ठिपक्यावरून ते ठामपणे काही सांगू शकत नव्हते, म्हणून त्यांनी 'बहुधा' लिहिलं आणि पुढची तपासणी सुचवली. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून नोंदवणं हा प्रामाणिकपणाच आहे. त्यांनी उघडं ठेवलेलं वाक्य मी बंद केलं. मूळात संदिग्धता असेल तर अनुवादात ती टिकवायची, हे मी कवितेच्या बाबतीत किती सहज सांगते! "एक गाठ आहे, बहुधा साधी आहे, नक्की कळायला अजून एक तपासणी करू," हे मराठीत म्हणणं काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते म्हणताना तिच्या चेहऱ्याकडे पाहणं.

एक आक्षेप उरतोच. काहींना खरोखर जाणून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. बाबांना कदाचित नको असेल. पण ते आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. त्यांच्या गप्प राहण्याला आम्ही त्यांचं उत्तर मानलं. न जाणण्याचा अधिकार ज्याचा त्यानं वापरायचा असतो. इतरांनी परस्पर वापरला की तो अधिकार उरत नाही.

सीटीत गाठ साधीच निघाली. नातेवाईक म्हणाले, बघ, नाही सांगितलंस तेच बरं झालं. पण निकाल चांगला आला म्हणून माझं वागणं बरोबर ठरत नाही. तो वाईट आला असता तरी माझी चूक तेवढीच राहिली असती. ते नऊ दिवस तिनं एकटीनं काढले आणि मी एकटीनं, एकाच घरात. ते परत येणार नाहीत.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी होती. या वेळी रिक्षात रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधी मी तिला विचारलं, "किती सांगू?"

"लिहिलंय तेवढं," ती म्हणाली. "आणि तुला कळलं नाही तर कळलं नाही म्हण."