नवोदिताची पैसेवारी

एखादा नवखा खेळाडू पदार्पणाच्या पहिल्या काही वर्षांतच सर्वांचे अंदाज चुकवतो, तेव्हा त्याच्या गुणांची वाखाणणी मुक्तकंठाने होते. परंतु ते अंदाज मुळात कोणी बांधले, कोणत्या पुराव्यावर बांधले आणि ते इतके तोकडे का निघाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपल्या मराठवाड्यात पीक कापणीला येण्यापूर्वीच महसूल खात्याच्या दप्तरात नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे उत्पन्नाचा अंदाज, लिहिली जाते, तशी माणसाच्या कर्तृत्वाचीही पैसेवारी गाव, बिरादरी आणि शासन परस्पर ठरवून टाकतात. फरक एवढाच की, पिकाच्या बाबतीत पुढे सुधारित आणि अंतिम पैसेवारी जाहीर करण्याचा शिरस्ता तरी आहे.

हा विचार मनात येण्याचे कारण भाग्यश्री माधवराव जाधव. नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील होनवडज हे त्यांचे गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांच्या कुशीतला, 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेला हा मुलूख. ऐन तारुण्यात, 2006 साली, मृत्यूच्या दारातून त्या परतल्या त्या पायांतील बळ गमावून. आणि अशा स्त्रीची पैसेवारी आपला समाज किती लावतो, हे येथल्या वाचकाला सांगावयास नको. 2017 च्या सुमारास, म्हणजे तिशी उलटल्यावर, त्यांनी गोळाफेकीचा अभ्यास आरंभिला. ज्या वयात धडधाकट खेळाडूंचे कुटुंबीय निवृत्तीची भाषा करू लागतात, त्या वयात त्या नवोदित ठरल्या. आणि अवघ्या चार वर्षांत, 2021 मध्ये भरलेल्या टोकियोच्या पॅरालिंपिक स्पर्धेत, एफ-34 या वर्गात 7.00 मीटर फेक करून त्या सातव्या आल्या.

ही फेक कशी होते, हे जाणून घेतल्यावाचून तिची थोरवी उमगत नाही. खेळाडू एका लोखंडी आसनावर बसतो. गादीसह त्या आसनाची उंची 75 सेंटिमीटरांहून अधिक असता कामा नये, आसन जमिनीशी घट्ट जखडलेले असावे, आणि फेक पूर्ण होईपर्यंत बैठक मोडता कामा नये, असा कडक दंडक आहे. उभा राहून फेकणाऱ्यास पावलांच्या सरकण्यातून आणि मांड्यांच्या उसळीतून जो वेग फुकट लाभतो, तो येथे मुळीच नाही. जे काही उत्पन्न करावयाचे ते कंबर, पाठ, खांदा आणि मनगट यांच्यातूनच. शिवाय बसून फेकणाऱ्यांच्या सर्व फेकी एकामागून एक उरकाव्या लागतात. इतरांप्रमाणे आपली पाळी पुन्हा येईपर्यंत दम घेऊन पहिल्या चुकीवर विचार करण्याची उसंत त्यांना मिळत नाही. सात मीटर हा आकडा या साऱ्या बंधनांच्या आतून आलेला आहे.

तरीही त्या वेळी झालेल्या कौतुकात 'एवढे सोसूनही' हा सूर प्रबळ होता, आणि मला तो मानवत नाही. त्या सुरात करुणा असेल, परंतु दूरवरच्या फेकीपेक्षा दुःखाची लांबी मोजण्याची खोडही आहे. त्याच वर्गात चीनच्या झोऊ लिजुआन यांनी टोकियोत नऊ मीटरांचा पल्ला ओलांडून सुवर्णपदक मिळवले होते. भाग्यश्रीबाईंची खरी तुलना त्यांच्याशी आहे, दोन मीटरांचे ते अंतर कसे तुटेल या प्रश्नाशी आहे. खेळाडूचा सन्मान करावयाचा, तर तिला तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पंक्तीत बसवून मोजले पाहिजे.

आणखी एक पक्षपात येथे नोंदवण्याजोगा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत बीडच्या सचिन धस या तरुणाने एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताचे चार गडी 32 धावांवर बाद झालेले असताना, 96 धावांची खेळी केली, आणि साऱ्यांनी त्याच्या भवितव्याचे आराखडे मांडले. ते योग्यच होते. परंतु तिशीनंतर आरंभ करणाऱ्या नवोदितेच्या वाट्याला मात्र सत्कार आला; तिचे भवितव्य रेखाटण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. वास्तविक 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 7.54 मीटर आणि मे 2024 मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत 7.56 मीटर फेकून त्यांनी दोन्ही ठिकाणी रौप्यपदक घेतले, म्हणजे वाढ अजून चालूच होती.

मग पॅरिसचे पॅरालिंपिक आले. 28 ऑगस्ट 2024 रोजी उद्घाटनाच्या संचलनात सुमित अंतिल यांच्यासमवेत त्या भारताच्या ध्वजधारक होत्या. होनवडजच्या लेकीच्या हाती 84 खेळाडूंच्या पथकाचा तिरंगा, हे चित्र पाहताना मुखेड तालुक्यातल्या कोणाही माणसाचा ऊर भरून यावा. पुढे प्रत्यक्ष स्पर्धेत 7.28 मीटर फेकीसह त्या पाचव्या आल्या, आणि पदक हुकल्याची हळहळ व्यक्त झाली. ज्यांनी कधी काहीच अपेक्षिले नव्हते, त्यांनीच आता पदकाची वसुली मागावी, हा न्याय कोणता? टोकियोहून ती फेक 28 सेंटिमीटरांनी सरस होती, स्थानही सातव्यावरून पाचव्यावर आले होते. कोबेच्या मानाने ती कमी पडली, हेही तितकेच खरे, आणि ते निःसंकोच म्हणावे, कारण खेळाडूला खेळाडूसारखे वागवण्यात अपयशाचे रोखठोक मापही अंतर्भूत आहे.

माझी मागणी माफक आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्याच्या क्रीडांगणावर जमिनीला जखडता येईल असे एक फेकीचे आसन आणि ते हाताळू जाणणारा एक मार्गदर्शक असावा. अर्ज घेऊन येणाऱ्या मुलीला वय आणि व्यंग यांचे दाखले विचारण्यापूर्वी तिच्या हाती गोळा द्यावा, आणि तो कोठे पडतो तेथे फीत धरावी.