आजींचा आवाज कुठे गेला?

॥ जय गुरुदेव ॥



गेल्या गुरुवारी इंदूरच्या केंद्रातून सत्संग चालू होता. बडोद्याच्या आजी दोन महिन्यांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच ऑनलाइन आल्या होत्या. त्यांना आपला अनुभव सांगायचा होता. त्यांनी सांगितलाही, चांगला दहा मिनिटं. आमच्याकडे मात्र काहीच ऐकू आलं नाही. "आजींचा माइक बंद असेल" असं म्हणून आम्ही पुढचं भजन लावलं. रात्री सूनबाईंचा फोन आला, आजी जेवल्या नाहीत. म्हणतात, आता माझं बोलणं कुणाला नकोसं झालंय.

आजींचा माइक चालूच होता. चूक आमची होती.

केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. त्यात साउंड कार्ड एकच. भजनं वाजवणाऱ्या प्रोग्रामला आम्हीच सेटिंगमधून थेट कार्ड देऊन ठेवलं होतं, आवाज छान येतो म्हणून! त्याने कार्ड धरून ठेवलं, आणि ज्या प्रोग्राममधून आजी बोलत होत्या त्याला उत्तर मिळालं की साधन व्यस्त आहे. आजींचे शब्द बडोद्याहून इंदूरला पोचले, कॉम्प्युटरच्या आतपर्यंत आले, आणि स्पीकरच्या दारात थांबले.

पूर्वी लिनक्सवर बऱ्याचदा असंच व्हायचं. जो आधी आला, कार्ड त्याचं. मग मधे एक सेवेकरी प्रोग्राम बसवायची पद्धत आली. २००७ साली फेडोरा ८ मध्ये पल्सऑडिओ आधीपासून चालू मिळू लागला, आणि २०२१ च्या फेडोरा ३४ पासून ते काम पाइपवायर करतो. कार्ड हा सेवेकरी सांभाळतो. बाकीचे सगळे आपला आवाज त्याच्या हाती देतात. आवाज म्हणजे तिथे नुसते आकडे. कुणी सेकंदाला ४४,१०० आकडे देतो, कुणी ४८,०००. हा सगळ्यांना एका चालीवर आणतो आणि बेरीज करून पुढे पाठवतो. पण सोळा बिटांच्या आवाजात आकडा ३२,७६७ च्या वर जाऊ शकत नाही. सगळेच पूर्ण जोरात आले तर बेरीज त्या मर्यादेला आपटते, वरचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून प्रत्येकाला थोडं खाली यावं लागतं. गप्प बसायचं नाही, फक्त थोडं खाली यायचं.

हे वाचताना आपापलं जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आलं ना? आमच्याही आलं. घरात एखादा असतोच, ज्याने घराचा कान धरून ठेवलेला असतो. तो वाईट नसतो हो. आमचं भजनही वाईट नव्हतं, गोडच होतं. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही की त्याच्यामागे एक म्हातारं माणूस बोलतंय.

सगळं एकालाच देणं चूकच, असंही नाही. विंडोजमध्येसुद्धा दोन्ही सोयी आहेत, सर्वांनी वाटून घ्यायची आणि एकानेच घ्यायची. गायनाचं रेकॉर्डिंग करताना क्षणाचाही उशीर चालत नाही, तेव्हा कार्ड एकालाच देतात. कुणाच्या घरी दुःख झालं की आपणही तसंच करतो, सगळं बाजूला ठेवून त्याचंच ऐकतो. पण काम झालं की कार्ड सोडावं लागतं. आम्ही ते सोडायलाच विसरलो होतो.

शनिवारी भजनाच्या प्रोग्रामची ती सेटिंग काढली. दोन्ही आवाज एकत्र लावून पाहिले, आले. मग आजींना फोन केला, झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले ते तुमच्या मशीनमध्ये अडकलंय का रे अजून?"

येत्या गुरुवारी सायंकाळी सुरुवात आजींपासून. भजन नंतर.

॥ जय गुरुदेव ॥