अटीवरचा शेजार

प्रेषित पौलाने मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली, हे आपण सर्व जाणतो. दानधर्माचा विषय निघाला की करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा व नववा अध्याय आपल्याकडे हमखास वाचला जातो. परंतु रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी जी विनंती आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पैसा जमला आहे, पौल निघण्याच्या तयारीत आहे, आणि तो रोम येथील बंधुजनांना प्रार्थना करावयास सांगतो ती अशी की, आपली ही सेवा यरुशलेमकरांना मान्य व्हावी. उपाशी माणूस भाकरी नाकारील, ही भीती त्याला का वाटावी? कारण ती भाकरी परराष्ट्रीय मंडळ्यांकडून येत होती. ती घेणे म्हणजे देणाऱ्याला भाऊ म्हणून पत्करणे होते, आणि भुकेपेक्षाही ते अवघड होते.

सीमेपलीकडून येणाऱ्या मदतीत हा प्रश्न नेहमीच दडलेला असतो. देणाऱ्याच्या मनात काय आहे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. घेणाऱ्याला ती मदत कोणाच्या शेजारी बसून घ्यावी लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आयर्लंडच्या सीमेवर गेली तीस वर्षे जो प्रयोग चालू आहे, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

आयर्लंड आपल्याला अगदी परके नाही. वेल्झली बेली या आयरिश गृहस्थाने १८७४ मध्ये डब्लिन येथे कुष्ठरुग्णांसाठी जी मिशन संस्था सुरू केली, तीच आजची लेप्रसी मिशन. अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथील तिचे रुग्णालय अनेक वाचकांना ठाऊक असेल. म्हणजे आयरिश माणसाला आपण ओळखतो तो दाता म्हणून. त्याच बेटाला पुढे दुसऱ्यांपुढे हात पसरावा लागला.

१९२१ मध्ये या बेटाची फाळणी झाली. ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, उरलेले सव्वीस स्वतंत्र झाले. मधली सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची. ती नद्यांतून, शेतांच्या बांधांवरून, कोठे कोठे तर गावामधून गेली. पेटिगो गावाचा ओढ्याअलीकडचा भाग एका राज्यात आणि पलीकडचा दुसऱ्या राज्यात पडला. क्लोन्ससारखे बाजाराचे गाव ज्या पंचक्रोशीवर जगत होते, तिचा मोठा भाग एका रात्रीत परदेश झाला. १९५७ मध्ये त्या गावची आगगाडीही गेली. डोनेगल परगणा उरलेल्या स्वतंत्र आयर्लंडशी केवळ एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला राहिला. मग १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिंसाचार सुरू झाला. बंदूकधाऱ्यांची ये-जा थांबावी म्हणून ब्रिटिश लष्कराने सीमेवरील अनेक लहान रस्ते सुरुंगांनी उखडून टाकले. शेजारच्या गावी जाण्यासाठी शेतकऱ्याला कित्येक मैलांचा वळसा पडू लागला. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली.

येथे ख्रिस्ती वाचकाने क्षणभर थांबावे. मारणारे आणि मरणारे दोघेही लहानपणी प्रभूची प्रार्थना शिकलेले होते. भांडण निव्वळ धर्माचे नव्हते. जमिनीचे, नोकऱ्यांचे, सत्तेचे आणि राष्ट्रनिष्ठेचे होते, हे खरे. पण कोण कोणत्या बाजूचा, हे ओळखण्याची खूण मात्र चर्चची होती. कॅथलिक की प्रॉटेस्टंट, एवढे कळले की पुरे. दारिद्र्य दोन्ही वस्त्यांत होते, आणि दोन्हीकडचा गरीब आपल्या गरिबीचा दोष पलीकडच्या गरिबाला देत होता.

१९९४ च्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या सशस्त्र गटांनी युद्धविराम जाहीर केला. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष तेव्हा झाक देलोर होते. उत्तर आयर्लंडमधून युरोपीय संसदेवर निवडून गेलेले तिघे सदस्य, जॉन ह्यूम, इयान पेस्ली आणि जिम निकलसन, एकत्रितपणे त्यांच्याकडे गेले. ह्यूम हे डेरीचे कॅथलिक. तरुणपणी मेनूथच्या गुरुविद्यालयात शिकलेले, आणि १९६० मध्ये आपल्या गावी गरिबांची पतपेढी उभारण्यात पुढे असलेले. पेस्ली हे प्रॉटेस्टंट पाळक. परमगुरू दुसरे जॉन पॉल १९८८ मध्ये त्या संसदेत भाषणास उभे राहिले, तेव्हा त्यांना ख्रिस्तविरोधी म्हणून भर सभेत ओरडणारे हेच. ही माणसे एका दारी एक मागणे घेऊन गेली. तो देखावा पाहण्यास मिळाला असता, तर कित्येक प्रवचनांचे काम झाले असते, असे मला वाटते.

त्यातून १९९५ मध्ये ‘पीस’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात युरोपने सुमारे ५० कोटी एक्यू दिले. एक्यू हे युरोच्या आधीचे युरोपीय चलन-एकक. पैसा उत्तर आयर्लंडसाठी आणि सीमेलगतच्या सहा दक्षिणी परगण्यांसाठी होता: बेकारांचे प्रशिक्षण, स्त्रियांची मंडळे, बालसंगोपन, ओस पडलेली गावे, समाजाबाहेर फेकले गेलेले लोक. सीमेपारच्या योजनांना एक अट होती. अर्ज एकट्याने करावयाचा नाही. पलीकडचा भागीदार बरोबर हवा. उत्तरेत प्रत्येक नगरक्षेत्रात जी वाटप मंडळे नेमली, त्यांत नगरसेवक, कामगार व व्यापारी प्रतिनिधी आणि स्वयंसेवी कार्यकर्ते एकाच मेजाभोवती बसविले गेले. राजकारणात परस्परांशी बोलण्यासही तयार नसलेल्या पक्षांची माणसे तेथे पाळणाघराच्या खर्चावर वाद घालू लागली.

मूळ नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. पैशाच्या अटीने घडविलेला शेजार खरा असतो काय? निधीसाठी जो हात पुढे केला, तो निधी संपताच मागे घेतला जाणार नाही कशावरून? ही एक सभ्य लाच नव्हे काय?

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. अर्जांचे गठ्ठे आणि हिशेबांचे तक्ते यांचा ज्यांना सराव होता, ते गट पुढे गेले. ज्यांना नव्हता, ते गरीब असूनही मागे राहिले. (हिशेबाला नावे ठेवू नयेत. वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलानेही बरोबर निवडलेली माणसे घेतली होती.) केवळ कागदावर जुळलेल्या जोड्याही असणारच. बेलफास्टमधील दोन वस्त्यांमधल्या उंच भिंती पुष्कळ ठिकाणी आजही उभ्या आहेत, आणि बहुसंख्य मुले अजून वेगवेगळ्या शाळांत जातात.

तरीही लाच हा शब्द मला पटत नाही. लाच माणसाकडून खोटे वदवून घेते. येथे कोणाला आपली श्रद्धा, निष्ठा किंवा दुःख सोडावयास सांगितले गेले नाही. पलीकडच्या माणसाच्या शेजारी खुर्चीवर बसण्यास तेवढे सांगितले गेले. प्रीती अटीने निर्माण होत नाही, पण भेट अटीने घडविता येते. आणि ज्याला आपण कधी भेटलोच नाही, त्याच्यावर प्रीती करण्याच्या आपल्या गप्पा पोकळच असतात. समजा, एखाद्या दात्याने आपल्याकडे अशी अट घातली की, एकाच गावातील कॅथलिक व प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी, अथवा पूर्वाश्रमीच्या दोन निरनिराळ्या जातींतून आलेल्या मंडळ्यांनी, एकत्र अर्ज करावा. विहीर एकच मिळेल. तर किती अर्ज जातील? परदेशी देणग्या आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या. बहुधा आपापल्या दाराने जाऊन घेतल्या.

या कार्यक्रमातील सर्वांत कठीण गाठ निराळीच होती. बहिष्कृत कोण, हे ठरविताना राजकीय गुन्ह्यांसाठी तुरुंगवास भोगलेल्यांचाही त्यांत समावेश झाला. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर चारशेहून अधिक कैदी मुदतीपूर्वी सुटले. त्यांना काम मिळेना, अनेक दारे त्यांना बंद होती. त्यांच्या संघटनांना, दोन्ही बाजूंच्या, निधी मिळाला. ज्यांचे पती आणि मुलगे मारले गेले होते, त्यांनी विचारले की, आमचा बळी घेणारे गरजवंत ठरले, मग आम्ही कोण? पीडितांच्या संघटनांनाही मदत देण्यात आली. पण हे उत्तर रकमेत देण्यासारखे नव्हते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो, आणि त्याला मत्सरी म्हणून आपण मोकळे होतो. त्या दाखल्यात धाकट्याने कोणाचा खून केलेला नव्हता. सीमेवरच्या विधवेला थोरल्या भावाचा दाखला ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही, प्रवचनकाराला तर नाहीच. तरुणाला पुन्हा बंदुकीकडे न जाऊ देणे, हेही खरे. तिचा प्रश्न न्याय्य आहे, हेही खरे. हा हिशेब जुळतो असे मी म्हणणार नाही.

दुसरी कसोटी मुदतीची. दयाळू शमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी दिली, तेवढेच आपण लक्षात ठेवतो. अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडीन, असेही त्याने सांगितले होते. योजना बहुधा तीन-चार वर्षांच्या असतात, आणि परत येण्याचे कलम त्यांत नसते. आयर्लंडमध्ये मात्र पहिल्या टप्प्यामागून दुसरा, तिसरा, चौथा आला. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले. तरी ‘पीसप्लस’ हा २०२१ ते २०२७ चा टप्पा ब्रिटन, आयर्लंड आणि युरोप यांच्या एकत्रित पैशाने, शंभर कोटींहून अधिक युरोंचा, उभा राहिला. फर्मानॅ आणि कॅव्हन यांच्यामधील अघालेन येथील पूल १९७२ मध्ये स्फोटाने पाडण्यात आला होता. १९९९ मध्ये तेथे नवा पूल झाला.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आरोग्य मंडळांनी १९९२ मध्येच बॅलिकॉनेल येथे सहकार्याचा करार केला होता. युरोपच्या पैशावर त्यांनी वर्षानुवर्षे लहानसहान योजना चालविल्या. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी डोनेगलच्या रुग्णाला तेव्हा डब्लिन किंवा गॉलवे गाठावे लागे. लेटरकेनीहून ते दोनशे किलोमीटरहून अधिक. सीमेपलीकडचे डेरी जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, पण तेथे सोय नव्हती, आणि तिकडच्या रुग्णाला बेलफास्टला जावे लागे. २०१६ मध्ये डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात किरणोपचार केंद्र उघडले. या वेळी बांधकामाचा खर्च दोन्ही सरकारांनी वाटून घेतला होता, आणि डोनेगलचे रुग्ण आज तेथे उपचार घेतात.