देहाचा भार

गेल्या महिन्यांत एका स्नेह्याच्या कन्येच्या विवाहानिमित्त आमचे जुने सहाध्यायी एकत्र जमले होते. सारेच पन्नाशी ओलांडलेले. कुशलप्रश्न संपतांच प्रत्येकाची दृष्टि शेजाऱ्याच्या पोटाकडे वळली, आणि थोड्या हास्यविनोदानंतर सर्वांचें एकमत झालें कीं, हा दोष वयाचा! तारुण्यांत दगड पचत, आतां प्यालेलें पाणीहि अंगीं लागतें. निसर्गापुढें इलाज काय? असा निकाल लागतांच मंडळी निश्चिंत मनानें जिलबीकडे वळली. आम्हीहि वळलों. परंतु घरीं परततांना एक विचार मनांत घोळूं लागला. वयावर ठेवलेला हा आरोप खरा आहे काय? आणि तो खोटा ठरला, तर दोषी कोण?

या आरोपाची चौकशी शास्त्रज्ञांनीं पूर्वींच केली आहे. २०२१ सालीं हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या दैनिक ऊर्जाव्ययाचीं मापें प्रसिद्ध केलीं. त्यांत आठ दिवसांच्या अर्भकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांचीं माणसें होतीं. देहाचें आकारमान आणि त्यांतील चरबीचें प्रमाण हिशेबांत घेतल्यावर असें आढळलें कीं, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारें ०.७ टक्के या गतीनें उतरतो. म्हणजे पन्नाशीच्या ढेरीचें खापर ज्याच्या माथीं आम्ही फोडीत होतों, तो बहुतांशीं निर्दोष!

मग बदललें काय? चाल बदलली, ताट मात्र बदललें नाहीं. एके काळीं ज्या पायांनीं आम्ही व्याख्यानांस जात होतों, ते आतां वाहनांत विसांवतात. न वापरलेले स्नायु झिजतात, आणि त्यांची जागा चरबी घेते. तराजूचा कांटा स्थिर असला तरी हा व्यवहार आंतल्या आंत चालूच राहतो. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत स्वतःचेंच उदाहरण मांडलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, परंतु देहांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच तज्ज्ञ सांगतात कीं, भारतीयांनीं केवळ वजनावर विसंबूं नये, कंबरहि मोजावी. पुरुषानें ९० सेंटीमीटरची व स्त्रीनें ८० सेंटीमीटरची मर्यादा ध्यानांत ठेवावी.

येथवर शास्त्राचें काम झालें; यापुढें नीतीचा प्रश्न येतो. वय निर्दोष म्हणून स्थूल माणूस अपराधी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाहीं. कोणाला आनुवंशिकतेनें गांठलें, कोणाला औषधांनीं, कोणाला बारा तासांच्या बैठ्या नोकरीनें. दुसऱ्याच्या देहाकडे पाहून त्याच्या शीलाची परीक्षा करणें हें अज्ञान तर आहेच, पण निर्दयपणाहि आहे. हा हिशेब प्रत्येकानें फक्त आपला आपण मांडावयाचा असतो.

पण तो मांडावयाचा तरी कां? "माझा देह, माझें मी पाहून घेईन," असें कित्येकजण म्हणतात. आमचे वडील हेंच म्हणत. पुढें अर्धांगवायूनें ते अंथरुणाला खिळले, आणि त्या देहाचें पाहणें आईच्या वांट्याला आलें. दिवसांतून चार वेळां त्यांना कुशीवर वळवितांना ती कृश बाई कशी धापा टाकीत असे, तें आम्हीं पाहिलें आहे. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. तिची पाठ मात्र जन्माची दुखावली. तो आघात स्थूलपणामुळेंच आला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आईनें उचललेला भार तराजूवर मोजण्याजोगा होता. तेव्हांपासून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, उतारवयांतील देह सर्वस्वीं आपला नसतो. आज ना उद्यां तो कोणीतरी उचलावयाचा आहे. त्या अज्ञात हातांचा विचार करणें याला स्वार्थ कसें म्हणावें?

यावर कोणी म्हणेल, आग्रहाला काय करावें? आमच्याकडे आग्रह हेंच प्रेमाचें माप. सोळाव्या शतकांत इटलींत लुईजी कोर्नारो या गृहस्थानें मिताहारावर पुस्तक लिहिलें. दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षासव हा त्याचा नेम. आप्तांच्या आग्रहास्तव त्यानें प्रत्येकांत दोन औंसांची भर घातली, आणि थोड्याच दिवसांत तो आजारी पडला! म्हणजे प्रेमळ आप्त पदव्यालाहि होते. आणखी एक मोह पुण्याच्या वेषांत येतो: पातेल्यांतला उरलेला भात टाकूं नये म्हणून गृहिणी तो पोटांत ढकलते. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्यांनीं अन्नाचा मान शिजवितांना राखावा, मापानें. उरल्यावर आपल्या देहाचा उकिरडा करून नव्हे.

तथापि कोर्नारोप्रमाणें घांसाघांसाला तराजू धरणें हेंहि आम्हांस आदर्श वाटत नाहीं. जो सदैव आपल्या देहाचाच विचार करतो, तोहि देहाचाच दास. सकाळीं तासभर चालावें, आठवड्यांतून दोन-तीन वेळां स्नायूंना ताण द्यावा, ताटांत डाळ-उसळ वाढवून भात आंखडता घ्यावा, आणि मग तो विषय सोडून आपल्या कामाला लागावें. उशीर झाला, ही सबबहि टिकत नाहीं. १९९० सालीं अमेरिकेंत नव्वदीच्या घरांतील दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करवून घेतला, तेव्हां त्यांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक वाढलें.

त्या विवाहानंतर आम्हीं वयाला दोष देणें सोडलें आहे. जिलबी सर्वस्वीं सोडली, असें मात्र सांगवत नाहीं. पण संध्याकाळीं जिना चढतांना दम लागला म्हणजे आईची ती धाप कानीं येते, आणि दुसऱ्या दिवशीं पाय आपोआप फिरावयास निघतात.