सापळा आणि सदसद्विवेक

वडिलांच्या निधनानंतर सातबारावर वारसांची नावे लावायची असतात. कागदपत्रे पूर्ण असतात, तरीही टेबलापलीकडून एक रक्कम सुचविली जाते. अशा वेळी भाविक दोन प्रश्न घेऊन धर्मगुरूंकडे येतात. पैसे दिले तर पाप लागते काय? आणि तक्रार करून त्या माणसाला पकडून दिले, तर ते ख्रिस्ती माणसाला शोभते काय? पहिला प्रश्न जुना आहे. दुसऱ्याचा विचार आपण क्वचितच करतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजबट्ट्याची चर्चा करताना एक सूक्ष्म भेद केला. दुसऱ्याला पापास प्रवृत्त करणे कधीच योग्य नाही. परंतु जो पापास आधीच सिद्ध आहे, त्याच्या पापाचा चांगल्या कामासाठी उपयोग करून घेणे निषिद्ध नाही. म्हणून गरजेपोटी सावकाराकडे जाणारा दोषी ठरत नाही. नाइलाजाने लाच देणारेही याच विचाराचा आसरा घेतात. पण नाइलाज म्हणायचे कशाला? प्रेषितांची कृत्ये वाचताना फेलिक्स या सुभेदाराची हकिकत आपण भराभर ओलांडून जातो. पौलाकडून पैसे मिळतील या आशेने तो त्याला वरचेवर बोलावीत असे. पौलाने पैसे दिले नाहीत आणि दोन वर्षे तो कैसरियात बंदिवासात राहिला. पौलाला तक्रार घेऊन जाण्यास जागा नव्हती. आपल्याला ती आहे.

महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून आहे. १०६४ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात समक्ष जाता येते. तक्रार येताच कोणी धाड घालीत नाही. प्रथम पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते: लोकसेवक खरोखरच पैसे मागतो काय, हे ऐकले व ध्वनिमुद्रित केले जाते. त्यानंतर नोटांचे क्रमांक टिपून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. पैसे घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविली की पाणी गुलाबी होते. मात्र केवळ नोटा सापडल्याने गुन्हा शाबीत होत नाही. मागणी व स्वीकार ही दोन्ही सिद्ध व्हावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. मागणी आधी आणि सापळा नंतर. पाप मागणाऱ्याच्या मनात व मुखात अगोदरच घडलेले असते. तक्रारदार ते निर्माण करीत नाही, उजेडात आणतो. याउलट, जुन्या वैरापोटी स्वतःच पाकीट पुढे करून कोणाला अडकविणारा संत थॉमसच्या कसोटीवर सपशेल नापास होतो. (अशीही माणसे असतात, हे अनुभवाने सांगतो.)

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणे हाही थेट गुन्हा ठरला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. परंतु ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना वा तपास यंत्रणेला कळविले, तर तो या गुन्ह्यातून मुक्त राहतो. यंत्रणेला आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्यालाही तो लागू नाही.

‘फादर, त्याच्या बायकामुलांनी काय करावे?’ हा प्रश्न तळमळीने विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि, त्याच टेबलासमोर कानांतली कुडी गहाण ठेवून आलेल्या विधवेलाही मुले असतात. प्रभू येशू जक्कयच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. क्षमेत फसविल्या गेलेल्यांचा हिशेबही होता.

खरी कसोटी पुढे, न्यायालयात लागते. खटला वर्षानुवर्षे चालतो. दरम्यान नातेवाईक मध्यस्थी करतात, शेजारी समजूत घालतात आणि तक्रारदार शपथेवर सांगतो की आपल्याकडे कोणी काही मागितलेच नव्हते. पुष्कळांना ही दया वाटते. आठव्या आज्ञेत तिला खोटी साक्ष म्हटले आहे.