टेकडीवरची जागा रिकामी का होती?

पोट्टेहो, हातातले रेडिओ, तुमच्या त्या हँडी, बंद करा आणि टेबलावर ठेवा. मोबाइलही ठेवा. कालच्या हौशी रेडिओच्या सरावाचे फोटो मी पाहिले आहेत, पुन्हा दाखवू नका. फोटोत घाटाच्या पायथ्याशी नेमलेला एक सोडून तुम्ही सगळे दिसता, सगळे मेडशीच्या बसथांब्याजवळ उभे दिसता आणि सगळ्यांच्या हातात हँडी दिसते. मग मला एवढंच सांगा, घाटमाथ्यावरच्या टेकडीवर कोण होतं?

नेमणुकीच्या कागदावर त्या जागेपुढे नाव लिहिलेलं होतं. ज्याचं नाव होतं तो सकाळी वर गेला, थोडा वेळ बसला, चहाला म्हणून खाली उतरला आणि परत गेलाच नाही. विचारलं तर म्हणतो, 'सर, वर काहीच होत नव्हतं.' हे वाक्य ऐकून मला जेवढा राग आला तेवढा तुमच्या बाकीच्या सगळ्या चुकांचा मिळून आला नाही. आणि राग एकट्या त्याच्यावर नाही. तो खाली आलेला तुम्ही पाहिलात, त्याला आपल्यात उभं करून फोटो काढलात, आणि 'तू इथे कसा?' असं एकानेही विचारलं नाही.

त्या जागेचं काम काय, हे तुम्हाला वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. आपण ज्या पट्ट्यात बोलतो तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. लहर साधारण दोन मीटरची. ती सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की अडते. पातूरच्या अंगाला घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला मुलगा आणि मेडशीत बसलेला मुलगा यांच्यामध्ये अख्खा घाट आहे. दोघांनाही दिसेल अशी जागा म्हणजे ती टेकडी. तिथे बसलेल्याने खालचं ऐकायचं आणि इकडे सांगायचं, इकडचं ऐकायचं आणि खाली सांगायचं. तो उठला की घाट मुका झाला. पायथ्याचा मुलगा बराच वेळ हाका मारत राहिला. त्याची नोंदवही माझ्याकडे आहे. या सगळ्या सरावात नीट भरलेली तेवढी एकच. इकडे तुम्ही काय म्हणत होता? 'रेंज नाही.' 'सेट हलका आहे.' 'रिपीटर पाहिजे.' अरे, रिपीटर म्हणून जिवंत माणूस बसवला होता, तो तुमच्या शेजारी चहा पीत होता! पैसे गोळा करून नवा सेट आणायची भाषा माझ्यापुढे काढू नका. आधी आहे त्या सेटपाशी बसायला शिका.

आता निरोपाचं बोलू. सरावासाठी मी पायथ्याच्या मुलाकडे चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीत होतं: 'तिसरं वळण. वय साठच्या पुढे, स्त्री. शुद्धीवर आहे. उभं राहता येत नाही. रुग्णवाहिका हवी.' टेकडीवर माणूस असताना निघालेला हा एकमेव निरोप. मेडशीत तो कसा उतरला? 'घाटात बाई बेशुद्ध, लवकर या.' वळण गेलं. वय गेलं. शुद्धीवर असलेली बाई बेशुद्ध झाली. आणि 'लवकर या' हे चिठ्ठीत नव्हतंच, ते तुमच्यापैकी कुणीतरी आपल्या मनाने घातलं. खरा प्रसंग असता तर गाडीने घाटात प्रत्येक वळणावर थांबून शोध घेतला असता, आणि डॉक्टर भलत्याच तयारीने उतरला असता.

निरोप जसा आला तसा पुढे द्यायचा. त्यात भर घालायची नाही, त्यातलं काही गाळायचं नाही, आपली समजूत त्यात मिसळायची नाही. समोरच्याने लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, आणि देणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्यावरच तो पोहोचला असं धरायचं. आकडा असेल तर एकेक अंक सुटा सांगायचा. नाव नीट ऐकू येत नसेल तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत अक्षरं सांगायची. हे सगळं तुम्ही परवान्याच्या परीक्षेसाठी घोकलंत आणि परीक्षा झाली त्या दिवशी विसरलात. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं, म्हणजे पहिला शब्द कापला जात नाही, हेसुद्धा काल कुणाच्या लक्षात नव्हतं. दोघंदोघं एकदम बटण दाबत होता. एक बोलत असताना दुसऱ्याचं बोट बटणावर, म्हणजे त्या वेळात बऱ्याचदा दोघांचंही कुणाला कळत नाही, आणि तिसरा जीव तोडून सांगत असेल तर तोही बुडतो. नेट कंट्रोलवर, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते ठरवायला, बसलेल्याने 'थांबा' म्हटलं की थांबायचं. तो तुमचा मित्र आहे, वर्गातला आहे, वयाने लहान आहे, यातलं काही तिथे चालत नाही.

आणि बोललात तरी काय? एकाने हवेवर सांगितलं की आपल्या काकाच्या धाब्यावर नाश्ता झकास मिळतो, सगळ्यांनी तिकडेच या. हौशी परवान्यावर धंद्याचा आणि जाहिरातीचा एक शब्दही चालत नाही. हा परवाना स्वतः शिकण्यासाठी आणि तांत्रिक अभ्यासासाठी भारत सरकार देतं. १९७८च्या नियमांत आपली ओळख म्हणून कॉल साइन सांगणं आहे, नोंदवही आहे, काय बोलायचं नाही तेही आहे. दुसऱ्या एकाने आपली हँडी धाकट्या भावाच्या हातात दिली, आणि तो पोरगा हवेवर गाणं म्हणाला. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने ऐकावं, हवं तेवढं ऐकावं, पण बटणाला हात लावू नये. बारा वर्षं पूर्ण झाली की त्यालाही परीक्षेला बसता येतं. त्याला तयार करा, अभ्यास घ्या, मी स्वतः शिकवीन. तोवर नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही नीट ऐका. सरावात 'हरवलेलं मूल' असा एक प्रसंग ठेवला होता. तुम्ही त्या मुलाचं नाव, कपड्यांचा रंग, गाव, वडिलांचं नाव, सगळं हवेवर सांगून मोकळे झालात. आपलं बोलणं कुणीही ऐकू शकतं. सांकेतिक भाषेत ते लपवण्याची आपल्याला परवानगी नाही, आणि नसावीच. म्हणून जे जगाने ऐकलं तरी चालेल तेवढंच हवेवर बोलायचं. मूल सापडलं, अमुक चौकीजवळ आहे, अंदाजे वय इतकं, पोलिसांच्या ताब्यात आहे, बस्स. नाव आणि खुणा पोलीस समोरासमोर विचारतील. खुणा आधीच वाऱ्यावर गेल्या तर त्याच खुणा सांगून भलताच माणूस मूल मागायला उभा राहील. आजारी माणसाचंही तसंच. त्याचं नाव, त्याचा जुना रोग, त्याच्या घरच्या गोष्टी हवेवर जात नाहीत.

तुमच्यापैकी काहींच्या तोंडावर मला दिसतंय, 'सर एका सरावाचं एवढं काय मनावर घेतात?' मग ऐका कशाचा सराव होता ते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. अकोला, पातूर करत ती घाट चढते आणि वाशिम जिल्ह्यात तिचा प्रवेश आपल्या मेडशीत होतो. शेकडो वारकरी पायी. ज्येष्ठाचं ऊन, नाहीतर पहिला पाऊस. रांगेत म्हातारी माणसं, सोबत दर्शनाला आलेली गावंच्या गावं, आणि त्याच रस्त्यावर अकोला-हिंगोलीची अवजड वाहतूक. रथसप्तमीला आपल्याच मालेगाव तालुक्यात डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. रामनवमीला जिल्ह्यात पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो. अशा गर्दीत संकट पुढच्याला दिसतं आणि मागचा रेटत राहतो, कारण पुढचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २००३च्या नाशिकच्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी, २००५ची मांढरदेवीची, या आपल्याच महाराष्ट्रातल्या आहेत. मांढरदेवीला शेकडो माणसं गेली. ती माणसं देवाला निघाली होती, तुमच्या-माझ्या घरातल्यासारखी. ज्या गर्दीत प्रत्येकजण एकाच वेळी मोबाइल काढतो, तिथे मोबाइल लागत नाही. यात्रेला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तिथे आपल्यासारख्यांचा उपयोग आहे. पण उपयोग होण्याआधी आयोजकांनी आणि पोलिसांनी आपल्याला उभं राहू दिलं पाहिजे. कालचा तुमचा कारभार त्यांनी पाहिला असता तर त्यांनी आपल्याला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं.

आपल्या छंदाला मान कशाने मिळाला ते तुम्हाला माहीत असायला हवं. ३० सप्टेंबर १९९३. लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं मातीला मिळाली. तिथे हौशी रेडिओचालक निरोप पोहोचवायला गेले. २००१च्या २६ जानेवारीला भूज, तिथेही गेले. त्यांना कुणी पगार दिला नव्हता. पश्चिम बंगालमधले हौशी रेडिओचालक दर मकरसंक्रांतीला गंगासागरच्या मेळ्यात उभे राहतात आणि चुकलेल्या, विसरलेल्या माणसांना त्यांच्या घरी पोहोचवतात. वर्षानुवर्षं करतात म्हणून त्यांना विचारलं जातं.

आणि भारती प्रसाद यांचं नाव तर पाठच करून ठेवा. २००४च्या डिसेंबरात त्या अंदमानला गेल्या होत्या. कशासाठी? छंदासाठी. अंदमानातून हौशी रेडिओवर बोलणारं कुणी कित्येक वर्षांत नव्हतं, म्हणून जगभरच्या हौशी लोकांना तिथला संपर्क हवा होता. पोर्ट ब्लेअरला हॉटेलमध्ये केंद्र उभारलेलं, अँटेना वर चढवलेला, सगळं मौजेचं. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन बंद पडले. ज्या केंद्रावरून आदल्या दिवशी गप्पा चालल्या होत्या, त्याच केंद्रावरून बेटांची खबर मुख्य भूमीला जाऊ लागली. त्यांनी नवं यंत्र आणलं नाही. अँटेना आधीच नीट बांधलेला होता, ऐकायची सवय लागलेली होती, आणि निरोप पोहोचवायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. छंद आणि सेवा यांच्यात एवढंच अंतर आहे. छंद मनापासून केलेला असेल तर वेळ आल्यावर तीच सेवा होते. वरवर केलेला असेल तर वेळ आल्यावर त्याचं काहीच होत नाही.

मैदानात जाणं तुम्हाला आवडतं, ते मला आवडतं. जगभर हौशी रेडिओवाले मैदानात जातात. अमेरिकेत १९३३ मध्ये सुरू झालेला 'फील्ड डे' जूनमध्ये असतो; लोक घरची वीज सोडून रानात तंबू ठोकतात आणि बॅटरीवर, सौर पाट्यांवर रात्रंदिवस केंद्र चालवतात. ऑक्टोबरमध्ये जगातले स्काउट रेडिओवर भेटतात. आपल्याकडे तर सागाचं जंगल दारात आहे, घाट दारात आहे. झाडाला दोर टाकून सात मेगाहर्ट्झचा डायपोल अँटेना बांधा, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, आणि घाटापलीकडचंच काय, घाटापलीकडच्या जिल्ह्यांचं ऐका. जेवण करा, गाणी म्हणा, हवेवर नव्हे, शेकोटीशी. पण निघण्याआधी बॅटरी रात्रभर चार्ज झालेली असली पाहिजे. काल बरेचसे सेट मध्यान्हीच्या आत मेले. दुसरी बॅटरी कुणाकडेही नव्हती. छापील जॅकेट मात्र प्रत्येकाकडे होतं.

माझं सगळं बोलणं एका जागेपाशी येतं. बसथांब्यावर उभं राहायला सगळे तयार आहेत. तिथे लोक पाहतात, विचारतात, फोटो काढतात. टेकडीवर कुणी पाहत नाही. पण निरोप टेकडीवरून जातो. जो न दिसणाऱ्या जागी, काही घडत नसताना, कान लावून बसू शकतो, त्याच्यावरच आपल्या संघाचा सगळा भार आहे. दिवसभर 'काहीच होत नव्हतं' असं त्याच्या नोंदवहीत वेळेसह लिहिलेलं असेल, तर त्याने उत्तम काम केलं. ती नोंद म्हणजे घाट सुखरूप होता, याचा पुरावा.

तुम्ही हुशार आहात. मेडशीसारख्या गावात राहून परीक्षा दिलीत, परवाना मिळवलात, हे लहान काम नाही. म्हणूनच मी इतका वेळ बोलतो आहे. ज्यांच्याकडून अपेक्षा नाही त्यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

येत्या रविवारी पुन्हा सराव होईल. तीच चिठ्ठी, तोच घाट. मेडशीत पोहोचलेला निरोप मी चिठ्ठीशी अक्षराला अक्षर लावून पाहीन. सगळ्यांनी दोन भरलेल्या बॅटऱ्या, नोंदवही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणायची; जॅकेट घरी ठेवायचं. मोबाइल माझ्या पिशवीत राहतील. टेकडीवर प्रत्येकजण आळीपाळीने बसेल, आणि बदली माणूस वर पोहोचून त्याने नोंदवहीत सही केल्याशिवाय आधीचा उठणार नाही. ज्याचं नाव काल तिथे होतं, त्याची पाळी पहिली आणि सगळ्यात मोठी. हे पार पडलं तरच मी पालखीच्या आयोजकांकडे आणि ठाण्यात आपला अर्ज घेऊन जाईन. नाही पडलं तर यंदा आपण पालखीच्या वाटेवर पाणी वाटू. तेही चांगलंच काम आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.